ऊब, शेक आणि धग : पाळीव सर्पांच्या उष्णतेसंबंधी एक शब्दविचार

एका शब्दामुळे एका सापाचे पोट भाजले, असे विधान केल्यास वाचकांस ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु प्रस्तुत टिपण ज्या प्रसंगातून निर्माण झाले तो प्रसंग जवळजवळ असाच आहे, आणि म्हणून प्राणिशास्त्राचा अधिकार नसतानाही भाषाशास्त्राच्या एका अध्यापकाने या विषयास हात घालण्याचे धाडस केले आहे.

आमच्या विभागाची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेच्या उत्तर भागातील एका शहरात राहते. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने एक ‘बॉल पायथन’ पाळला आहे. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहानखुरा अजगर. पूर्ण वाढला तरी साधारण एक ते दीड मीटर लांबीचा. अमेरिकेत व युरोपात घरी पाळल्या जाणाऱ्या सापांत याचा क्रमांक बराच वरचा आहे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून ते फार मोठ्या संख्येने निर्यात झाले आणि आता बंदिवासातही त्यांची पैदास होते. एका डिसेंबरात हे कुटुंब आठ दिवसांसाठी परगावी गेले. सातारा जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलाच्या आजी तेवढ्या घरी राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून सुनेने सापाच्या निगेच्या सूचना मराठीत लिहून ठेवल्या. त्यांतील दोन वाक्ये अशी होती : “साप हा शीतरक्ती प्राणी आहे. त्याला सतत ऊब मिळाली पाहिजे.”

दुसऱ्याच रात्री बर्फ पडू लागले. आजींनी सूचना पुन्हा वाचली आणि थंड रक्ताच्या त्या जिवाची दया येऊन त्याच्या काचेच्या पेटीवर घरातील जाड गोधडी नीट खोचून घातली. खोचताना पेटीतील एक बारीक तार ओढली जाऊन बाहेर आली व थंड भिंतीशी लोंबत राहिली. ही तार म्हणजे उष्णता नियंत्रित करणाऱ्या यंत्राचे स्पर्शेंद्रिय होते. यंत्रास भिंतीचा गारठा तेवढा कळू लागला. पेटी थंड पडली अशी त्याची समजूत झाली, आणि पेटीच्या तळाशी असलेली विजेची चटई त्याने रात्रभर पूर्ण जोराने तापवीत ठेवली. सकाळी सापाच्या पोटाचे खवले लाल होऊन त्यांवर फोड आले होते.

विद्यार्थिनीने पत्रात विचारले होते, “सर, भाषांतरात माझे कोठे चुकले?” प्रश्न मार्मिक आहे. शब्दकोशाच्या दृष्टीने तिचे काहीच चुकले नव्हते.

प्रथम ‘शीतरक्ती’ या शब्दाचा विचार करू. ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे सरक्त आणि अरक्त असे दोन वर्ग केले होते. रक्ताच्या तापमानावर वर्गीकरणाची इमारत उभारण्याचे श्रेय किंवा दोष लिनीअसकडे जातो. त्याच्या ‘सिस्टेमा नॅचरी’ या ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राणी व पक्षी यांना उष्ण, तांबड्या रक्ताचे आणि ‘ॲम्फिबिया’ व मासे यांना थंड, तांबड्या रक्ताचे म्हटले आहे. आणि साप त्याने या ‘ॲम्फिबिया’तच घातले. तेथून हा शब्द युरोपीय भाषांत, आणि त्यांच्यामार्फत आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘शीतरक्ती’ या रूपाने आला. समास निर्दोष आहे. त्यातून निघणारा अर्थ मात्र सदोष आहे. शीत आहे रक्त ज्याचे तो शीतरक्ती, असा विग्रह केला की थंडपणा हा त्या प्राण्याचा कायमचा गुणधर्म ठरतो. वस्तुतः उन्हात पडलेल्या सापाचे रक्त तीस-बत्तीस अंश सेल्सिअस तापमानाचे असते, आणि वाळवंटातील काही सरड्यांचे रक्त तर ऐन दुपारी आपल्या रक्ताहूनही उष्ण असते.

ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडण्याचे कार्य रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी केले. वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उष्णताविषयक गरजांवरील त्यांचा प्रबंध १९४४ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. हे प्राणी भोवतालच्या हवेबरोबर निमूटपणे तापत-निवत नाहीत. उन्हात येणे, सावलीत सरकणे, वाळूत शिरणे, अंग पसरणे किंवा आखडणे अशा हालचालींनी ते आपले तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात, असे त्यांनी दाखविले. ही हालचाल करता आली नाही तर काय होते तेही त्यांनी पाहिले. उघड्या उन्हात अडकविलेला वाळवंटी साप पाहता पाहता मरतो. कारण चाळीस अंशांच्या थोडे पुढे त्याच्या सहनशक्तीची सीमा संपते. म्हणजे ज्यास आपण थंड म्हणतो त्या प्राण्याच्या सुखाचे तापमान आणि मृत्यूचे तापमान यांत सुमारे दहा अंशांचेच अंतर असते. याच कौल्स यांनी १९६२ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात या क्षेत्रातील शब्दार्थाच्या गोंधळावर एक टिपण लिहिले. एका जीवशास्त्रज्ञास शब्दार्थविचाराची निकड भासावी ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी.

कौल्स यांनी पुरस्कारिलेल्या ‘एक्टोथर्म’ या शब्दात रक्ताचा उल्लेखच नाही. उष्णता कोठून येते, बाहेरून की आतून, एवढाच प्रश्न तो विचारतो. मराठीत त्यासाठी ‘परतापी’ असा शब्द एका ठिकाणी सुचविलेला माझ्या पाहण्यात आला. परंतु तो ऐकताच ‘परंतप’ आठवतो आणि बिचारा साप शत्रूंना जाळणारा योद्धा ठरतो. ‘अनियततापी’ हा शब्द आपल्या शास्त्रीय लेखनात रूढ आहे. तो ‘शीतरक्ती’पेक्षा बरा, परंतु तोही तापमान बदलते एवढेच सांगतो, ते कोणामुळे बदलते हे सांगत नाही. मला ‘बाह्योष्ण’ हा शब्द त्यातल्या त्यात सरळ वाटतो. असो. आजींच्या चिठ्ठीत यांपैकी कोणताही शब्द उपयोगी पडला नसता.

खरा घोटाळा दुसऱ्या वाक्यात, ‘ऊब’ या साध्या शब्दात आहे.

उष्णतेच्या बाबतीत मराठी बोलीची संपत्ती मोठी आहे. उन्हाची ती ‘तिरीप’, चुलीपासून हातभर अंतरावर तोंडाला लागते ती ‘धग’, वैशाखातल्या वाऱ्याची ‘झळ’, दुखऱ्या गुडघ्याला देतात तो ‘शेक’, आणि पांघरुणात, कुशीत किंवा कोंबडीच्या पंखाखाली मिळते ती ‘ऊब’. हे पर्यायशब्द नव्हेत. चुलीची ऊब घेता येईल, परंतु गोधडीची धग लागत नाही. आणि गुडघ्याला झळ देणारा वैद्य अद्याप जन्मास यावयाचा आहे. पदार्थविज्ञान उष्णतेच्या संक्रमणाचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन प्रकार मानते. आपल्या बोलीने स्पर्शातून मिळणारा शेक, हवेतून येणारी झळ आणि दुरून अंगावर येणारी धग असे तेच भेद प्रयोगशाळेवाचून केलेले आहेत. ‘ऊब’ मात्र या त्रयीबाहेरची आहे. ती प्रायः देहाची असते. जिवंत अंग उष्णता निर्माण करते, आच्छादन ती अडवून धरते, आणि या अडविलेल्या उष्णतेला आपण ऊब म्हणतो. गोधडी स्वतः गरम नसते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो. गोधडी त्याचीच ठेव त्यास परत करते.

सापाच्या ठिकाणी ही ठेवच नसते. समान वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने विश्रांत अवस्थेतील सापाची चयापचयातून निर्माण होणारी उष्णता सुमारे एक-दशांश असते. त्याला गोधडीत गुंडाळणे म्हणजे दगडाला गोधडीत गुंडाळणे होय. आजींनी ‘ऊब’ हा शब्द वाचून गोधडी आणली, यात त्यांचे भाषाज्ञान अचूक होते. शब्दच त्या प्राण्यास लागू नव्हता.

येथे एक अपवाद सांगितलाच पाहिजे. तो मनोरंजक आहे आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. भारतात राहून परतलेल्या लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने, अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून ती अंगच्या उष्णतेने उबविते, असे १८३२ च्या सुमारास पॅरिसच्या विद्वानांपुढे सांगितले. कोणी विश्वास ठेवला नाही. थंड रक्ताचा प्राणी अंडी उबवील कसा? १८४१ साली व्हॅलेन्सिएन यांनी पॅरिसच्या प्राणिसंग्रहात अंड्यांवर बसलेल्या अजगराच्या वेटोळ्यांत तापमापक ठेवून पाहिला, तो भोवतालपेक्षा पारा वर चढलेला. पुढे १९६६ साली हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर यांनी न्यूयॉर्क येथे भारतीय अजगराच्या मादीवर प्रयोग करून याचे कारण दाखविले. हवा जसजशी थंड होते तसतसे तिच्या स्नायूंचे आकुंचन वाढते आणि त्या कंपनातून उष्णता निर्माण होते. तात्पर्य, ‘उबविणे’ हे क्रियापद या एका सर्पमातेस अक्षरशः लागू पडते. एका पारिभाषिक शब्दाने खऱ्या निरीक्षणाची वाट काही वर्षे अडवून धरली, हेही येथे दिसते. आपल्या कथेतील बॉल पायथनची मादीही अंड्यांभोवती वेटोळे घालते, परंतु तिच्यात असे उष्णताजनन आढळलेले नाही.

आता पेटीकडे वळू. पाळीव सापाच्या पेटीचे मूलतत्त्व असे की ती सर्वत्र सारखी उष्ण नसावी. बॉल पायथनसाठी एका टोकाचा पृष्ठभाग एकतीस ते तेहतीस अंश आणि दुसरे टोक पंचवीस ते सत्तावीस अंश, असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील ‘कॉर्न स्नेक’ हा साप याहून काही अंश कमी तापमानात सुखी असतो. दोन्ही टोकांस लपण्याची एकेक जागा हवी. अन्यथा भित्रा साप आडोसा सोडण्यापेक्षा गारठा पत्करतो, आणि त्याची निवड ही निवड राहत नाही. ही सोय केवळ आरामासाठी नाही. शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट-तिप्पट होतो. भक्ष्य गिळल्यानंतर पुरेशी उष्णता न मिळाल्यास पचन मागे पडून भक्ष्य पोटातच कुजू लागते व साप ते ओकून टाकतो. भोजनोत्तर साप उष्ण जागा शोधतात, हे फिलिप रीगल यांनी १९६६ साली प्रयोगाने दाखविले. उलट पक्षी, पोट रिकामे असताना तोच साप गार टोकास जाऊन पडून राहील. आजारातही हीच गोष्ट. व्हॉन, बर्नहाइम आणि क्लुगर यांनी १९७४ साली वाळवंटी इग्वानाला जंतुसंसर्ग घडविला, तेव्हा तो नेहमीपेक्षा उष्ण जागी जाऊन बसू लागला. आणि पुढील वर्षीच्या प्रयोगात, ज्यांना अशी अधिक उष्णता लाभली त्यांच्यापैकी अधिक प्राणी जगले. मराठीतील ‘ताप येणे’ हा प्रयोग त्यास लावावयाचा झाल्यास तो ‘ताप आणतो’ असे म्हणावे लागेल.

बंदिवासातील सर्पांना अशी निवड देण्याची कल्पना एका वास्तूत लवकर साकार झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ साली बांधलेले सर्पगृह तेथील अभिरक्षक जोन प्रॉक्टर यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. संपूर्ण इमारत सारखी तापविण्याऐवजी प्रत्येक कक्षात विजेने वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या प्रमाणात उष्ण ठेवण्याची व्यवस्था तेथे होती. अतिनील किरण आत येऊ देणारी विशेष काचही वापरली होती. प्रॉक्टर बाई स्वतः लहानपणापासून साप पाळीत. शाळेत एकदा लहान मगर घेऊन गेल्याची त्यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. प्रकृतीने त्या सदैव अशक्त होत्या आणि १९३१ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तल्या.

घरगुती पेटीत उष्णता देण्याची साधने तीन-चार प्रकारची असतात, आणि येथे आपले बोलीतील शब्द फार उपयोगी पडतात. तळाशी ठेवलेली हीट मॅट ‘शेक’ देते. छताला बसविलेला उष्ण पत्रा किंवा दिवा ‘धग’ देतो. त्यातही प्रकाश न देणारे चिनी मातीचे दिवे असतात, ते रात्री उपयोगी पडतात. निसर्गात सापाला उष्णता मुख्यतः वरून, सूर्याकडून मिळते. सायंकाळी तापलेल्या दगडाचा शेकही मिळतो, परंतु तो दगड रात्रीतून हळूहळू निवत जातो. खालून येणारी आणि कधीच न निवणारी उष्णता ही सापाच्या पूर्वजांना अपरिचित वस्तू आहे. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो अंधारातील उंदीर ओळखतो. असे असूनही तोच साप पोटाखालची चटई भाजण्याइतकी तापली तरी पुष्कळदा तेथून हलत नाही. विजेने तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने कुप्रसिद्ध आहेत. उघड्या दिव्याला वेटोळे घालून भाजून घेतलेल्या सापांची उदाहरणेही थोडी नाहीत. म्हणून दिव्याभोवती जाळी असावी.

नियंत्रणाविना चटई पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे सहज जाते, आणि वर जाड आच्छादन असल्यास आणखी. यासाठी थर्मोस्टॅट अपरिहार्य. हा शब्द अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने १८३० च्या सुमारास ग्रीक धातूंवरून घडविला. ‘उष्णतेला स्थिर करणारा’ हा त्याचा अर्थ. यूरच्या यंत्रात दोन धातूंच्या जोडपट्ट्या होत्या : त्या तापल्या की असमान प्रसरण पावून वाकत आणि त्या वाकण्याने उष्णतेचा पुरवठा कमी-अधिक होई. आजच्या यंत्रात हे काम तारेच्या टोकावरील लहानसा संवेदक करतो. परंतु यंत्र कोणत्याही काळचे असो, ते उष्णतेला स्थिर करीत नसून केवळ आपल्या स्पर्शेंद्रियापाशी असलेल्या उष्णतेला स्थिर करते. संवेदक चटईच्या पृष्ठभागावर घट्ट बसविलेला असला तरच यंत्राचे बोलणे खरे. भिंतीवर टांगलेल्या तापमापकाची गोष्टही तशीच : तो हवेचे तापमान सांगतो, साप मात्र जमिनीवर असतो. त्यासाठी पृष्ठभागाचे तापमान दुरून मोजणारी लहान यंत्रे मिळतात. ती घरात असावीत.

एका उपेक्षित गोष्टीचा येथे उल्लेख करतो. पेटी तापविली की ती कोरडी होते. वीस अंशांच्या हवेत घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, बत्तीस अंशांच्या हवेत सुमारे ३४ ग्रॅम. म्हणजे ५० टक्के आर्द्रतेची खोलीतील हवा पेटीत तापली की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. बाष्प तेवढेच, मावण्याची जागा दुप्पट. परिणामी कात अखंड निघत नाही, तुकड्यांनी सुटते, डोळ्यांवरचा पारदर्शक पापुद्रा चिकटून राहतो. ओलसर शेवाळाने भरलेला एक डबा आत ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी दोन शब्द. आपल्याकडील साप घरी पाळणे हा प्रश्न उष्णतेचा नसून कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या रानातील साप पकडून घरी ठेवण्यास मनाई आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप आंतरराष्ट्रीय व्यापारनियमांच्या परिशिष्टात येतात. ते जवळ असल्यास केंद्र शासनाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी करावी लागते. शिवाय आपल्या हवेत वर्षाचे बरेच महिने अशा सापाला तापविण्यापेक्षा निवविण्याचीच काळजी अधिक.

भाजलेला तो साप वाचला. पशुवैद्यांच्या मलमपट्टीने आणि पुढील तीन-चार काती टाकल्यानंतर जखमा भरल्या. पोटावरचे काही खवले मात्र कायमचे वेडेवाकडे राहिले आहेत. सुनेने आजींना दोष दिला नाही. आजींनी मात्र त्या दिवसापासून पेटीजवळ जाणे सोडले होते, आणि पत्रातील ती गोष्ट मला सापाच्या जखमेहून अधिक लागली.

म्हणून आम्ही दोघांनी पत्रापत्री करून नवी चिठ्ठी तयार केली. तिच्यात ‘शीतरक्ती’ नाही आणि ‘ऊब’ही नाही. “सापाच्या अंगात स्वतःची उष्णता नसते, म्हणून पांघरुणाचा त्याला उपयोग नाही, पेटीवर काही घालू नये. उजव्या बाजूला खालून शेक मिळतो, तो हाताच्या पाठीला सोसेल इतकाच असावा. काळी तार त्या चटईवरच चिकटलेली आहे ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहावे; सुटली असेल तर आधी बटण बंद करावे, मग फोन करावा.” एका शब्दापाशी मात्र आम्ही बराच वेळ अडलो. दोन टोकांच्या तापमानातील क्रमशः फरकास मी प्रथम ‘तापमानाचा उतार’ असे लिहिले होते. विद्यार्थिनीने उलट कळविले, “सर, ‘तापाला उतार पडला’ असे आई नेहमी म्हणतात. त्या वाचतील तर साप बरा झाला असे समजतील.” तिचे म्हणणे रास्त होते. शेवटी “पेटीची एक बाजू ऊन, एक बाजू गार, कोठे बसावयाचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे” असे लिहिले. ‘ऊन’ हा शब्द ‘उष्ण’पासून प्राकृतातील ‘उण्ह’मार्गे आपल्याकडे आला. तो सूर्यप्रकाशालाही लागतो आणि ताटातल्या भातालाही, आणि आजींना तो समजावून सांगावा लागला नाही. सध्या त्या पुन्हा सकाळ-संध्याकाळ तार पाहतात, असे कळते.